नाटकाचा दुसरा प्रयोग

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या सांगलीत नाटकातली माणसं ओळखू यायला लागतात. सिग्नलला थांबलेल्या स्कूटरवर कुणी एकटाच पुटपुटत असतो. मेडिकलच्या काउंटरवर गोळ्यांची पट्टी कापणारा हात मधेच थांबतो आणि ओठ हलायला लागतात. रात्री आठनंतर यांचे फोन लागत नाहीत. घरी चौकशी केली तर एका शब्दात उत्तर मिळतं, 'तालमीला'. राज्य नाट्य स्पर्धा तोंडावर आलेली असते.

मी अशाच एका हौशी संस्थेत रंगमंचामागे काम करते. दिवसा एका शाळेच्या ऑफिसात नोकरी आणि संध्याकाळी वही, म्हणजे नाटकाची प्रॉम्प्टिंगची वही. कोण कुठल्या विंगेतून आत येतो, कप कुणाच्या हातात असतो, कुठल्या वाक्यावर दिवा जातो, सगळं त्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. पेन्सिलच, कारण तालमीत रोज काहीतरी बदलतं. या कामातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे आणि ती सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलंय. हौशी नाटकवाले पहिल्या प्रयोगासाठी जीव टाकतात आणि दुसरा प्रयोग करतच नाहीत. नाटक मात्र खऱ्या अर्थानं दुसऱ्या प्रयोगापासून सुरू होतं.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते उगाच नाही. ५ नोव्हेंबर १८४३ या दिवशी विष्णुदास भाव्यांनी इथे, संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्यापुढे 'सीता स्वयंवर' केलं. ती तारीख आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो, सांगलीत तर मोठ्या अभिमानानं. शारदाकार देवल जवळच्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, बालगंधर्व इथून थोड्या अंतरावरच्या नागठाण्याचे. पण १८४३ पेक्षा मला त्याच्या पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि भाव्यांचा राजाश्रय गेला. मग ते मंडळी जमवून, सामान बांधून गावोगाव निघाले, आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे प्रयोग झाले. राजवाड्यातला खेळ राजवाड्यात संपला असता तर आज आपण कुठली तारीख पाळली असती, कोण जाणे. तो गावाबाहेर पडला म्हणून मराठी रंगभूमी झाली.

आता आमच्या नाटकाकडे येते. नाटक आमच्यातल्याच एकानं लिहिलेलं, २०१९ च्या महापुरावर. ऑगस्टमधला तो पूर आमच्याकडे कुणाला सांगावा लागत नाही. नाटकातलं घर कृष्णाकाठच्या एका गावातलं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर पुराची रेघ राहिलेली आहे. दोन मुलगे आणि एक मुलगी जमलेत. आईनं हे घर सोडून वरच्या अंगाला, गावठाणाच्या नव्या प्लॉटवर राहायला जावं असं त्यांचं म्हणणं आहे. आई जायला तयार नाही आणि भिंतीवरची ती रेघ रंगवूही देत नाही. एवढीच गोष्ट. चार पात्रं आणि एक भिंत.

आमच्याकडे पात्रं निवडताना अभिनयाच्या आधी नोकरीची वेळ बघावी लागते. थोरल्या भावाचं काम करणारा एसटीत कंडक्टर. मुक्कामी गाडीची ड्युटी लागली की तो त्या रात्री कुठल्या तरी आडगावात, आणि इथे त्याची वाक्यं मी वाचणार. धाकटा भाऊ मेडिकलवाला, दुकान बंद केल्याशिवाय त्याला येता येत नाही. बहीण बँकेत, तिच्या तालमी महिनाअखेरीला बुडणार हे धरूनच चालायचं. आणि आई म्हणजे पेठेत घरगुती खानावळ चालवणाऱ्या काकू. पन्नाशी ओलांडलेल्या, त्याआधी स्टेजवर कधी पाऊल न ठेवलेल्या. त्यांच्याकडे डबा लावलेला आमचाच एक मुलगा त्यांना तालमीला घेऊन आला, "काकू, नुसतं वाचून तर बघा" असं म्हणून. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि दिग्दर्शक सरांनी चष्मा काढून ठेवला.

या चौघांच्या बरोबरीनं कागदांचाही एक संसार चालू असतो. लेखकाचं परवानगीपत्र, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, प्रवेशिका, अनामत, कलाकारांची यादी. ते सगळं होतं. कुणीतरी रजा टाकून करतं.

तालीम शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात. बाक भिंतीला लावायचे, फरशीवर खडूनं घर आखायचं: हे दार, ही खिडकी, इथून माजघर, ही ती भिंत. पहिल्या आठवड्यात सगळे खडूच्या भिंतीतून आरपार जातात. मग हळूहळू एकेक जण दारातून यायला लागतो. एके दिवशी मेडिकलवाल्यानं चालता चालता खांदा तिरका केला, कारण आखलेलं दार अरुंद होतं. त्या दिवशी सर म्हणाले, "चला, घर झालं." मला ही अवस्था सगळ्यात आवडते. लाकूड, कापड, रंग काहीच नाही, आणि तरी तिथे घर आहे हे पाच-सात माणसांनी मान्य केलेलं असतं.

वही हातातून सुटायची तारीख सर ठरवून देतात. ती तारीख जवळ आली की प्रत्येकाची पाठांतराची जागा वेगळी. कंडक्टर शेवटच्या फेरीत, गाडी रिकामी झाल्यावर मागच्या सीटवर बसून म्हणतो. काकू भाकरी थापताना म्हणतात. मी एकदा दुपारी त्यांच्याकडे वही घेऊन गेले. चुलीपुढच्या पाटावर त्या बसलेल्या, परातीत पीठ, आणि वाक्य भाकरीच्या लयीत येत होतं. थाप पडली की शब्द, भाकरी फिरवली की पॉज. तव्यावर टाकताना वाक्य तुटायचं आणि पाण्याचा हात फिरवून झाल्यावर पुढचं यायचं. मी वही मिटून नुसती ऐकत बसले. ते पॉज आम्ही तसेच ठेवले. बाहेरून शिकवून ते आले नसते.

एक प्रसंग सांगते. पहिल्या अंकात आई थोरल्याला चहा देते. पुराच्या दिवसांत हा आला नव्हता. पुण्यात होता, रस्ते बंद होते, कारण खरंच होतं. दोघंही त्यावर बोलत नाहीत. तालमीत हा प्रसंग कित्येक दिवस नुसता चहा देण्याचा प्रसंग राहिला. काकू कप पुढे करायच्या, त्याच्याकडे बघायच्या, डोळ्यांत पाणी आणायच्या, आणि काहीच घडायचं नाही. सर एक दिवस म्हणाले, "काकू, त्याच्याकडे बघू नका. बशीकडे बघा. चहा सांडू द्यायचा नाही, एवढंच." काकूंनी बशीकडे बघितलं. कप हळूच पुढे गेला. थोरल्यानं दोन्ही हातांनी बशी धरली आणि त्याचं पुढचं वाक्य, "साखर कमी घातलीस का?", इतकं हलक्या आवाजात आलं की खिडकीशी बसलेल्या बँकवालीनं मान खाली घातली. त्याला पुराच्या वेळी न आल्याबद्दल क्षमा मागायची आहे, हे वाक्य संहितेत कुठेच नाही. ते त्या बशीत होतं.

हौशी नट कमअस्सल असतात असं मानणारी माणसं मला भेटतात. त्यांना मी काकूंचा हात दाखवीन. दिवसभर नोकरी करून आठ वाजता आलेल्या माणसाचा आवाज थकलेला असतो, शब्द अडखळतात, स्वर वरच्या पट्टीत टिकत नाही, हे सगळं खरं. पण त्याच्या अंगात कामाची जाण असते. कप कसा धरायचा, चिल्लर कशी मोजायची, दमलेला माणूस बाकावर कसा टेकतो, हे त्याला शिकवावं लागत नाही. ते जपायचं आणि स्टेजवर आणायचं, हेच आमच्याकडच्या दिग्दर्शकाचं काम.

नेपथ्याचं काम ज्यांच्याकडे असतं त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. ते खरोखरीच सुतार. त्यांनी एका बैठकीत विचारलं, "रेघ किती उंचीवर पायजे?" लेखक म्हणाला, डोक्याच्या वर. मिस्त्रींनी मान हलवली. "डोक्याच्या वर मंजी कुणाच्या? आईच्या का पोराच्या?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ठरलं, आईच्या डोक्याच्या वर आणि थोरल्याच्या खांद्याला. तो उभा असला तर त्याच्यासाठी पाणी खांद्याइतकं, तिच्यासाठी डोक्यावरून गेलेलं. लेखकानं पानंच्या पानं लिहून जे सांगायचं ते एका सुतारानं टेप लावून सांगितलं.

आणि ती रेघ त्यांनी ओढली कशी? पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतात, तशी. फ्लॅटच्या, म्हणजे भिंत म्हणून उभ्या केलेल्या प्लायच्या, या टोकाला एक खूण, त्या टोकाला एक खूण, मग दोरी. मी म्हटलं, हातानं ओढली तरी चालेल, लांबून कोण बघतंय. ते म्हणाले, "वहिनी, पाणी वाकडं उभं राहात नाय." त्याखालचा भाग त्यांनी गाळाच्या रंगात मळवला, वरचा भाग जुन्या पिवळट चुन्याचा ठेवला. दाराला मागून दोन ब्रेस, म्हणजे तिरके टेकू, आणि तळाला वजनं दिली, कारण दुसऱ्या अंकात धाकटा दार आपटून जातो. "दार आपटलं तर दार हाललं पायजे, भिंत नाय," हे त्यांचं गणित.

प्रयोगाच्या दिवसाबद्दल थोडक्यातच लिहिते. नाटकात काम केलेल्या कुणालाही तो पाठ आहे. सकाळी स्टेज ताब्यात, टेम्पोतून सामान, हातोड्या, कुणाचा तरी हरवलेला स्क्रूड्रायव्हर. दुपारी दिवे लागतात, पार लाइट आणि स्पॉट, त्यांच्यावर रंगीत जेल पेपर, प्रत्येक जागेवर नटाला उभं करून बघायचं. मग धावती रंगीत तालीम. संध्याकाळी रंगभूषेच्या खोलीत पॅनकेकचा वास, नटराजाची पूजा, नारळ, मोठ्यांच्या पाया पडणं. पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा. विंगेत काकूंचे हात गार पडलेले. मी ते हातात धरून ठेवले, आणि पडदा उघडला.

प्रयोग चांगला झाला. चहाच्या प्रसंगाला सभागृह शांत होतं, दार आपटलं तेव्हा भिंत हलली नाही. अंधारात तीन परीक्षक कागदांवर काही लिहीत होते. स्पर्धेचं प्रेक्षागृह वेगळं असतं. त्यात अर्धी माणसं दुसऱ्या संस्थांची, जाणकार, प्रेमळ. पण ती नाटक कसं केलंय ते बघतात. दिवे छान बदलले तर टाळी देतात. त्या टाळीचं मोल मला आहे. तरी ती टाळी गोष्टीला नसून कामाला आहे, हे विंगेत उभं राहून कळतं.

आणि मग रात्र. दुसऱ्या दिवशी त्याच स्टेजवर दुसऱ्या संस्थेचं नाटक, म्हणजे रात्रीतच सगळं उतरवायचं. तीन महिने ज्या भिंतीकडे बघत होतो तिचे स्क्रू निघतात, फ्लॅट एकावर एक आडवे पडतात, टेम्पो निघतो. पुढे निकाल लागतो. अंतिम फेरी मिळाली तर आणखी एक संधी, नाही तर तेवढंच. नाटक गोडाऊनमध्ये जातं आणि पुढच्या वर्षी त्याच प्लायवर नवा रंग बसतो. महाराष्ट्रात केंद्राकेंद्रावर असंच होतं. दरवर्षी किती नाटकं एका संध्याकाळी जन्मतात आणि त्याच रात्री बांधून ठेवली जातात, हे मनात आलं की जीव तुटतो.

यात स्पर्धेला दोष द्यायचा माझा मुळीच हेतू नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही स्पर्धा वयाची साठी ओलांडून पुढे गेली आहे. तिच्यामुळे तालुक्याच्या गावांत नाटक टिकलं, हे मान्य करायलाच हवं. ठरलेली तारीख असते म्हणून लोक एकत्र येतात, शासन निर्मिती खर्चाला थोडा हात देतं, मोठं स्टेज मिळतं, बाहेरून आलेले परीक्षक काम बघतात. ही स्पर्धा नसती तर काकू स्टेजवर आल्या नसत्या. पण या स्पर्धेनं आम्हाला एक सवयही लावली: नाटक म्हणजे एक तारीख.

स्पर्धेतून आलेली जी नाटकं आपल्याला आठवतात ती नंतर कशी जगली ते बघा. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली मुंबईच्या 'रंगायन' संस्थेनं केलं ते राज्य नाट्य स्पर्धेसाठीच. अरविंद देशपांडे दिग्दर्शक, बेणारेबाईंच्या मुख्य भूमिकेत सुलभा देशपांडे. तेंडुलकरांनी त्यात मंडळी दाखवली तीही हौशीच: मुंबईहून एका गावी प्रयोगाला आलेली, एक नट न आल्यामुळे गावातल्याच एका साध्या माणसाला साक्षीदार म्हणून उभं करणारी. असा बदली माणूस आयत्या वेळी उभा करणं प्रत्येक हौशी संस्थेनं केलेलं आहे, म्हणून त्या नाटकातली भीती आम्हाला फार जवळून कळते. ते नाटक स्पर्धेत थांबलं असतं तर एक स्मरणिका उरली असती. ते पुन्हापुन्हा झालं, इतर भाषांत गेलं.

'घाशीराम कोतवाल'चं तर विचारूच नका. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनची, म्हणजे पीडीएची, ती हौशी मुलं. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग. वाद पेटला, संस्थेनं प्रयोग थांबवले. ती मुलं घरी बसली असती तर? नोकऱ्या होत्या, शिक्षणं होती, कारण द्यायला जागा होती. त्यांनी १९७३ साली 'थिएटर अकादमी' काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये ते युरोपला गेलं. या माणसांचं पोट नाटकावर नव्हतं. त्यांना दुसरा प्रयोग हवा होता, इतकंच.

आमचा दुसरा प्रयोग ठरला तो पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात. तिथल्या शाळेतले एक शिक्षक स्पर्धेच्या प्रयोगाला आलेले होते. ते म्हणाले, "आमच्या गावात करा. तिथं हे समजावून सांगायला लागणार नाही." शाळेचं पटांगण, सिमेंटचा कट्टा, मागं फळ्याची भिंत. आमचं सगळं नेपथ्य तिथं मावणार नव्हतं. मिस्त्रींनी भिंतीचे तेवढे फ्लॅट घेतले, दार वगळलं. दारासाठी दोन बांबू रोवले. दिवे मांडववाल्याचे. मागच्या बाजूला घोंगड्यांवर म्हातारी माणसं, पुढे पोरं, मधे बायका.

नाटक सुरू झालं आणि भिंतीवर उजेड पडला तेव्हा बायकांत कुजबुज झाली. एक आवाज स्पष्ट ऐकू आला, "आमच्याकडं ह्याच्यापेक्षा वर हुतं." पुढे ते वाक्य येतं: धाकटा थोरल्याला विचारतो, "पाणी आलं तेव्हा तू कुठं होतास?" सांगलीत या वाक्याला शांतता पसरली होती. इथे मागच्या घोंगडीवरून एका आजोबांनी उत्तर दिलं, "सगळ्यांचीच बाहेर हुती रं पोरं." थोरला कंडक्टर क्षणभर थांबला. त्याचं पुढचं वाक्य चिडून म्हणायचं होतं. तो चिडलाच नाही. आजोबांच्या दिशेनं अर्धवट वळून, अगदी साधेपणानं म्हणाला. त्या क्षणी त्याचं सगळं पात्र बदललं. वहीत मी तिथे 'रागानं' लिहिलं होतं. ते खोडलं.

प्रयोगानंतर लोक कट्ट्यावरच आले. हे शहरात होत नाही. तिथे माणसं रंगपटात येऊन हात मिळवतात. इथे बायका थेट भिंतीपाशी गेल्या आणि रेघेवर हात फिरवून बघायला लागल्या. एक मावशी मात्र प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंच्या, टेबलाशी आल्या. नाटकात आई पुरात भिजलेले फोटो दोरीला चिमट्यांनी वाळत घालते. ते मी तयार केले होते. जुने फोटो चहाच्या पाण्यात बुडवून, गाळ लावून, कडा कुरतडून. मावशींनी एक फोटो हातात घेऊन उलटापालटा केला आणि मला विचारलं, "हे सुटे कसे निघाले?" मला कळेना. त्या म्हणाल्या, "पुरात भिजले की फोटो येकमेकाला धरतात. सोडवायला गेलं की तोंडंच जातात. माझ्याकडं तसंच पुडकं हाय. लग्नाचं. सोडवलंच न्हाई."

त्या रात्री परतीच्या गाडीत कुणाचं दुसरं बोलणंच नव्हतं. लेखक म्हणाला, दोरीचा प्रसंग काढून टाकू. सर म्हणाले, काढायचा नाही, बदलायचा. पुढच्या प्रयोगाला आईच्या हातात फोटोंचा एक चिकटलेला गठ्ठा आला. मुलगी म्हणते, "दे, मी सोडवते." आई गठ्ठा पदरात घेते आणि म्हणते, "राहू दे. आत आहेत सगळी." पूर्वी त्या जागी लेखकाचं एक लांब भाषण होतं, आई घर का सोडत नाही ते सांगणारं. ते सगळं गेलं. आता नाटकातला सगळ्यात मोठा क्षण तो आहे, आणि तो आमच्यातल्या कुणी लिहिलेला नाही, दिग्दर्शित केलेला नाही, स्पर्धेत कुणी बघितलेला नाही. पटांगणात बसून नाटक बघणाऱ्या एका बाईनं तो दिला. दुसरा प्रयोग झाला नसता तर ते पुडकं त्यांच्या कपाटात आणि आमचे सुटे फोटो गोडाऊनमध्ये राहिले असते.

दुसरा प्रयोग का होत नाही याची कारणं मला ठाऊक आहेत. पैसे, हे पहिलं. हॉलचं भाडं, टेम्पो, दिवे, साऊंड, जेवणखाण, आणि तिकीट काढून बघायला येतील एवढी नावं आमच्याकडे नाहीत. रजा, हे दुसरं. तीन महिने घरच्यांनी सांभाळून घेतलेलं असतं, त्यांच्याकडे आणखी कुठल्या तोंडानं मागायचं? आणि तिसरं, जे कुणी फारसं बोलत नाही: निकाल. नंबर आला नाही की नाटकच वाईट होतं असं मनात बसतं आणि माणसं एकमेकांना टाळायला लागतात. ही तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त नाटकं मारते. परीक्षकांनी एका संध्याकाळी जे बघितलं त्याला त्यांनी गुण दिले. नाटकात अजून काय येऊ शकतं, ते त्यांना तरी कुठून दिसणार?

मोठ्या स्टेजचं महत्त्व मी कमी मानत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळलं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं ते पॅलेस थिएटर. सांगलीतही त्या रात्री कित्येक घरांत माणसं टीव्हीपुढे रडत बसली होती, मी होते. त्या स्टेजवर पाऊल टाकलं की आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो हे आमच्यापैकी बऱ्याच जणांना पहिल्यांदा तिथे कळलेलं. अशी स्टेजं जपली पाहिजेत, पुन्हा उभी केली पाहिजेत, त्यासाठी हौशी माणसांनीच आवाज उठवला पाहिजे. पण ती मिळेपर्यंत किंवा परवडेपर्यंत नाटक बांधून ठेवायचं, हे मला पटत नाही. पटांगणं आहेत, शाळांचे हॉल आहेत, वाचनालयं आहेत, देवळांचे सभामंडप आहेत. जत्रेत देवापुढे नाटक करायची रीत कोकणात आणि गोव्यात आजही आहे. तिथल्या गावकऱ्यांना कुणी विचारत नाही की तुमचं स्टेज किती फुटांचं.

यंदा संहिता निवडतानाच आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. नेपथ्य एका छोट्या टेम्पोत मावलं पाहिजे. मिस्त्रींनी फ्लॅट बिजागरीवर दुमडतील असे करायला घेतलेत. प्रत्येक भूमिकेला दुसरं माणूस तयार करायचं, म्हणजे मुक्कामी गाडी लागली म्हणून प्रयोग रद्द होणार नाही. लेखकाकडून परवानगी घेताना ती एका प्रयोगाची न घेता वर्षभराची घ्यायची. निकाल काहीही लागो, स्पर्धेनंतरच्या पुढच्या चार शनिवारांच्या तारखा आत्ताच धरून ठेवायच्या. इचलकरंजीच्या आणि कोल्हापूरच्या दोन संस्थांशी बोलणं झालंय: त्यांचं नाटक आम्ही सांगलीत लावायचं, आमचं त्यांनी तिकडे. जेवण आणि मुक्काम ज्याच्या गावात प्रयोग त्याच्याकडे, गाडीभाडं ज्याचं त्यानं भरायचं. कोल्हापूरकरांनी होकार कळवलाय. इचलकरंजीच्या मंडळींची फक्त एक अट आहे, प्रयोगाच्या दिवशी काकूंच्या हातच्या भाकरी हव्यात. काकूंनी विचारलंय, किती माणसांच्या?